दुसरी सही

नवा फ्रेंच इंजिनियर आमच्या दुबईच्या ऑफिसात रुजू झाला, की पहिल्या दिवशी त्याला ॲडमिन मॅनेजरांपुढे, म्हणजे आमच्या सरांपुढे, बसावं लागे. व्हिसाचे कागद, फोटो, मेडिकलची चिठ्ठी. सगळं आटोपलं की सर चष्मा काढून टेबलावर ठेवत आणि विचारत, "कुठल्या देपार्तमाँचे तुम्ही?"

देपार्तमाँ म्हणजे साधारण आपला जिल्हा. तो गृहस्थ नाव सांगे. एकदा एकजण म्हणाला, "लोझेर."

"अठ्ठेचाळीस," सर म्हणाले. "मुख्य ठिकाण माँद."

तिकडे जिल्ह्यांना नंबर असतात. तो माणूस थक्क झाला. "तुम्ही आमच्याकडे आला होतात?"

"नाही. मी फ्रान्स पाहिलेलं नाही."

हे ते इतक्या साधेपणाने सांगत, की ऐकणाऱ्यालाच अवघडल्यासारखं होई.

सर मूळचे वसईचे, कॅथलिक. विसाव्या वर्षी टायपिस्ट म्हणून आखातात आले आणि पहिल्यापासून या ना त्या फ्रेंच कंपनीत राहिले. त्यांच्या पहिल्या साहेबाच्या मुलाचं शाळेतलं नागरिकशास्त्राचं जुनं पुस्तक त्यांना मिळालं होतं. त्या एका पुस्तकावर ते फ्रेंच शिकले. त्यामुळे त्यांची फ्रेंच बाजारातली नव्हती, कायद्याची होती. जेवायला चला म्हणायचं असलं तरी ते अध्यादेश काढल्यासारखं म्हणत, आणि फ्रेंच लोक मान फिरवून हसत. सरांना ते दिसत असे. पण भाषा त्यांनी बदलली नाही. तपकिरी कागदाचं कव्हर घातलेलं ते पुस्तक त्यांच्या ड्रॉवरमध्ये कायम असे.

ऑफिसात त्यांचं नाव 'मिनिस्टर' पडलं होतं. कारण दर बुधवारी दहा वाजता ते आपल्या खात्याची सभा घेत. फ्रान्सचं मंत्रिमंडळ बुधवारी बसतं, म्हणून हेही बुधवारी. रिसेप्शनची मुलगी, पठाण ड्रायव्हर, चहा करणारे म्हातारे चाचा, आणि डॉक्युमेंट सेक्शनचे आम्ही दोघं: मी आणि श्रीलंकेतल्या जाफन्याकडची एक तमीळ बाई. प्रत्येकाने आपल्या कामाचं दोन मिनिटं बोलायचं. चाचा सुरुवातीला लाजत. मग एका बुधवारी त्यांनी सांगितलं, की सोळाव्या माळ्यावर चहा जाईपर्यंत गार होतो आणि बोलणी मात्र त्यांना बसतात. सरांनी ते इंग्रजीत टाइप केलं, खाली सही केली, आणि पुढच्या आठवड्यात वर वेगळी किटली आली. चाचांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला. त्यांना वाचता येत नव्हतं.

सर मॅनेजर होण्याआधी आमच्याबरोबर जेवत. बढती मिळाली त्या दिवसापासून आपला डबा घेऊन ते केबिनमध्ये बसायला लागले. मी एकदा विचारलं, "सर, आमच्यावर राग आहे का?"

"राग कसला? तिकडे मंत्री झाला, की खासदारकी सोडावी लागते. सरकार आणि सरकारला जाब विचारणारे, दोन्हीकडे एकाच माणसाने बसायचं नाही. तुम्ही जेवताना मला शिव्या देणार. मी तिथे बसलो तर कशा देणार?"

मला ते तेव्हा चमत्कारिक वाटलं. सहा वर्षं तो माणूस एकटा जेवला.

माझी मुलगी नववीत असताना तिला शाळेतून प्रोजेक्ट मिळालं, 'फ्रान्सचं सरकार'. ऊद मेथाच्या शाळेत ती फ्रेंच शिकत होती. सर अल कुसैसमध्ये आमच्यापासून दोन गल्ल्यांवर राहत. बायको आणि मुलगा वसईला. मी त्यांना विचारल्यावर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, ऊद मेथाच्याच चर्चमधली मासची प्रार्थना आटोपून ते थेट आमच्याकडे आले, इस्त्रीच्या पूर्ण बाह्यांच्या शर्टात, जसं काही इंटरव्ह्यूला.

मुलीने वही उघडून विचारलं, "अंकल, सो हू इज द रिअल बॉस? प्रेसिडेंट ऑर प्राइम मिनिस्टर?"

"बॉस कोण, हा नंतरचा प्रश्न," ते म्हणाले. "बॉसला नाही कोण म्हणू शकतो, ते आधी लिही."

मग त्यांनी तिला सांगितलं. राष्ट्राध्यक्षाला लोक थेट निवडून देतात, पाच वर्षांसाठी. तो पंतप्रधान नेमतो. पण पंतप्रधानावर लोकांनी निवडलेल्या असेंब्लीचा विश्वास लागतो. तिने अविश्वास दाखवला तर सरकार गेलं. राष्ट्राध्यक्ष असेंब्ली बरखास्त करू शकतो. पण एकदा केली, की पुढे वर्षभर पुन्हा करता येत नाही. वर सेनेट आहे, तिला गावोगावचे निवडून आलेले लोक निवडतात. आणि एक घटना परिषद आहे, नऊ जणांची. कायदा घटनेत बसत नसेल तर ती तो अडवते.

"सो एव्हरीबडी इज स्टॉपिंग एव्हरीबडी," मुलगी म्हणाली.

"थोडंसं तसंच. पण बुधवारी एकाच टेबलाला बसतात." त्यांनी तिला सांगितलं, की तीनदा असं झालं, राष्ट्राध्यक्ष एका पक्षाचा आणि पंतप्रधान विरुद्ध पक्षाचा. त्याला ते लोक एकत्र नांदणं म्हणतात. "तोंडं फिरवून बसले असतील. पण बसले."

माझी बायको पोहे घेऊन आली होती. ती म्हणाली, "म्हणजे आमच्यासारखंच." सर हसले नाहीत. त्यांनी मान डोलावली, जणू तिने बरोबर उत्तर दिलं होतं.

त्या दिवशी त्यांना सगळ्यांत जास्त आवडणाऱ्या दोन गोष्टी त्यांनी शेवटी सांगितल्या. एक, छत्तीस हजार कम्यून, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतींसारखे. पाचपन्नास घरांचं गाव असलं, तरी त्याला स्वतःचा मेयर. मेयर तिरंगी पट्टा बांधून पोरापोरींची लग्नं लावतो. आणि दुसरी गोष्ट, दुसऱ्या सहीची. काही मोजके हुकूम सोडले, तर राष्ट्राध्यक्षाची एकटी सही चालत नाही. खाली पंतप्रधानाची लागते, कधी मंत्र्याचीही. "वरच्या सहीला कुणी जाब विचारत नाही," ते म्हणाले. "खालची सही करणाऱ्याने असेंब्लीत उभं राहायचं आणि उत्तर द्यायचं. म्हणून खालची सही जड."

ते गेल्यावर बायको म्हणाली, "किती वर्षं झाली यांना इथे?"

"अठ्ठावीस."

"म्हणजे यांनी आयुष्यात एकदाही मत दिलं नसेल."

मी हिशेब केला. ते आले तेव्हा आपल्याकडे मतदानाचं वय एकवीस होतं. ती म्हणत होती ते खरं होतं.

दोन हजार आठच्या जुलैत तिकडची घटना बदलली. राष्ट्राध्यक्षाला लागोपाठ दोनच मुदती, तिसरी नाही. बुधवारच्या सभेत सरांनी ही बातमी घरात लग्न ठरल्यासारखी सांगितली. पठाण ड्रायव्हरने विचारलं, "तो उस से हम को क्या?" सर म्हणाले, "कुछ नहीं. लेकिन अच्छी बात है."

त्यानंतर चार महिन्यांत सगळं थांबलं. आमची कंपनी इमारतींची डिझाइनं करायची. नोव्हेंबरात एकामागून एक प्रोजेक्ट 'होल्ड'वर गेले. आमच्या खिडकीतून सात क्रेन दिसत; डिसेंबरात त्यांतली एकही हलत नव्हती. ज्या क्लायंटचा फोन आधी दिवसातून चारदा यायचा, तो आता "इन्शाल्ला, आफ्टर ईद" म्हणून ठेवून देई. ड्रॉइंग बाहेर जात नव्हती, आत येत नव्हती. मी आणि ती तमीळ बाई जुन्या फायलींना नवी लेबलं लावत बसायचो. ती कानाला फोन लावून तासन् तास थांबे. तिच्या गावाकडे लढाई चालू होती आणि फोन लागत नव्हता.

जानेवारीच्या एका सकाळी जीएमच्या काचेच्या केबिनमध्ये मी सरांना उभं असलेलं पाहिलं. जीएम म्हणजे आमचा सर्वांत मोठा साहेब, पॅरिसहून आलेला फ्रेंच माणूस. टेबलावर एक कागद होता. जीएमने तो सरांकडे सरकवला. सरांनी परत त्याच्याकडे सरकवला. पुन्हा इकडे, पुन्हा तिकडे. शेवटी जीएमने पेन उचललं. बाहेर आम्ही सगळे कॉम्प्युटरकडे बघत असल्याचं सोंग करत होतो.

दुसऱ्या दिवशी सर एकेकाला बोलवायला लागले. बावीस माणसं. दार लावून, समोर पाण्याचा ग्लास ठेवून, प्रत्येकाशी त्याच्या भाषेत जमेल तेवढं बोलत होते. दुसऱ्या कंपन्यांत लोकांना ईमेलवर कळत होतं, कुणाला गेटवर कार्ड चालेना तेव्हा. इथे तसं झालं नाही. पण आत गेलेल्याचा चेहरा बाहेर येताना त्या लोकांसारखाच पडलेला असे.

सतरावा मी होतो.

"बस," सर मराठीत म्हणाले. मी बसलो. त्यांनी पत्र माझ्यापुढे ठेवलं. मजकूर मी वाचला नाही. मी फक्त खाली पाहिलं. वर जीएमची सही होती, खाली यांची.

"सर, तुम्ही सही केलीत?"

"हो."

"माझी मुलगी दहावीला आहे. मार्चमध्ये बोर्ड आहे. तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे. पत्र नीट वाच."

"काय वाचू? तुम्ही माझ्या घरी येऊन बसलात, माझ्या बायकोच्या हातचं खाल्लंत. आणि सही केलीत."

"केली," ते म्हणाले. "नाव माझंच आहे. तुला जे बोलायचं ते मला बोल."

मी बोललो. काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. त्यांच्या पुस्तकाबद्दल बोललो, न पाहिलेल्या फ्रान्सबद्दल बोललो. गोऱ्या साहेबांनी तुम्हाला माकड करून ठेवलंय, असंही म्हणालो. ते खुर्चीत ताठ बसून होते. मी उठलो तेव्हा त्यांनी पत्र घडी करून माझ्या हातात दिलं.

घरी बायकोने ते वाचलं. दोनदा वाचलं. मग म्हणाली, "अरे, तारीख बघ."

नोकरी पंधरा एप्रिलला संपत होती. इतरांना एक महिन्याची नोटीस होती, मला तीन महिन्यांची. व्हिसा रद्द झाल्यावर देश सोडायला आणखी महिना. म्हणजे बोर्डाची परीक्षा इथेच, याच घरातून, याच शाळेत होणार होती. ज्यांची मुलं दहावी-बारावीला होती अशा आणखी तिघांना तीच तारीख मिळाल्याचं नंतर कळलं.

मी काय करायला हवं होतं हे उघड आहे. दुसऱ्या दिवशी जाऊन माफी मागायला हवी होती. मी गेलो नाही. मला वाटलं, तारीख दिली म्हणजे काय उपकार केले? आणि शेजारच्या टेबलावरची ती बाई राहिली, मी गेलो, हेही मनात होतंच. बुधवारच्या सभेला मी जाणं सोडलं. सरांनी एकदाही बोलावणं पाठवलं नाही.

फेब्रुवारीच्या मध्यावर पॅरिसच्या मुख्य ऑफिसातून विचारणा झाली, की चार माणसांना तीन महिने कुणी दिले. जीएम म्हणाला, ॲडमिनचं काम. सर म्हणाले, हो, खाली माझी सही आहे. महिन्याअखेरीस त्यांचीही नोकरी गेली. बावीस जणांच्या यादीत नसलेला तेविसावा माणूस, आणि आम्हा चौघांच्या आधी. चाचा त्यांना विमानतळावर सोडायला गेले, पठाण ड्रायव्हरने गाडी काढली. मला चाचांनी विचारलं होतं, "आप भी चलो." मी म्हणालो, मुलीचा पेपर आहे. पेपर दुसऱ्या दिवशी होता.

मुलगी पास झाली. एप्रिलमध्ये मला अबुधाबीत नोकरी मिळाली आणि आम्ही खलिफा सिटीत राहायला गेलो. माणसाचं बरं चाललं, की त्याला मागचं विसरणं सोपं जातं. मला तेही नीट जमलं नाही. मुलगी कधीतरी जेवताना विचारी, "बाबा, व्हेअर इज दॅट फ्रान्स अंकल?" मी म्हणे, गावी असतील. तिला मी कधी सगळं सांगितलं नाही.

पाच वर्षांनी भारतात लोकसभेची निवडणूक होती तेव्हा मी सुट्टीवर आलो होतो. मुंबईत चार दिवस काम होतं. चाचांकडून मिळालेला नंबर मोबाइलमध्ये इतकी वर्षं पडून होता. मी फोन लावला. सर म्हणाले, "ये की. गुरुवारी ये. त्या दिवशी मतदान आहे, सकाळी मी रांगेत असेन, दुपारी ये."

वसईत त्यांचं घर शोधायला वेळ लागला नाही. अंगणात केळी होत्या, विहिरीजवळ पंप चालू होता. सर बारीक झाले होते. शर्ट मात्र तोच, पूर्ण बाह्यांचा, इस्त्रीचा. त्यांच्या डाव्या हाताच्या बोटावर शाई होती. ती ओली नव्हती, तरी ते बोट इतर बोटांपासून जरा दूर धरून बसले होते.

"पहिल्यांदाच?" मी विचारलं.

"पहिल्यांदा. मागच्या वेळी यादीत नाव नव्हतं. चार वर्षं खेटे घातले." मग म्हणाले, "मी परत आलो त्याच वर्षी इकडची ग्रामपंचायत गेली. गाव महापालिकेत घातलं. आता रस्त्यावरच्या दिव्यासाठी अर्ज करायचा तर बस धरून जावं लागतं. मी करतो अर्ज. दर बुधवारी जातो."

त्यांच्या पत्नीने चहा आणून ठेवला आणि त्या आत गेल्या. मी इतकी वर्षं घोकलेलं वाक्य बोलायला तोंड उघडलं. "सर, त्या दिवशी मी तुम्हाला..."

"थांब," ते म्हणाले. "माफी मागायला आला असशील तर आधी माझं ऐक. नाहीतर तुझी माफी फुकट जाईल."

मग त्यांनी सांगितलं त्या दिवशी केबिनमध्ये काय झालं ते. जीएमला पत्रांवर फक्त सरांची सही हवी होती. तो स्वतः सुट्टीवर जाणार होता. सर म्हणाले, वरची सही तुमची झाल्याशिवाय मी खालची करणार नाही, हा तुमच्याच देशाचा नियम आहे. जीएम चिडला, पण त्याने केली. मग तारखांचा प्रश्न आला. यादी बदलता येणार नाही, असं जीएम म्हणाला. सर म्हणाले, यादीत तारीख नाही. "तिकडे कायदा पार्लमेंट करतं. पण तो लागू कसा आणि कधी करायचा, त्याचा हुकूम सरकार काढतं. कायदा त्यांचा, तारीख माझी. एवढंच मला करता येत होतं."

"म्हणूनच तर मी..."

"पुढे ऐक. पॅरिसच्या यादीत नावं नव्हती."

मला कळलं नाही.

"आकडे होते. ड्राफ्टिंगमधून नऊ, साइटवरून सहा, असे. डॉक्युमेंटमधून एक. नावं लिहायची ती मी आणि जीएमने. डॉक्युमेंटमध्ये तुम्ही दोघंच. जीएमला तुमच्यातलं कुणी माहीत नव्हतं. तो म्हणाला, तुम्ही लिहा." मग ते म्हणाले, "तुझं नाव मी लिहिलं. पॅरिसने नाही. मी."

विहिरीवरचा पंप चालू होता. आतून भांड्यांचा आवाज येत होता.

"का?" मी विचारलं.

"तिला परत पाठवलं असतं तर लढाईत पाठवलं असतं. तुला पुण्याला घर होतं. दोघांचं काम सारखंच होतं. आणखी काही कारण नव्हतं."

"ती राहिली का पुढे?"

"दोन वर्षं. मग कॅनडाला बहिणीकडे गेली. तिची आई मात्र सापडली नाही."

"हे तुम्ही मला तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तिचं नाव घेऊन? शेजारी बसत होता तुम्ही, अजून तीन महिने बसायचं होतं. तू तिच्याकडे कसं बघितलं असतंस?"

आपण तिच्याकडे कसं बघत होतो ते मला आठवत होतं.

सरांनी आपली खुर्ची ओढून माझ्या समोर आणली. हात गुडघ्यांवर ठेवले. खाली बघितलं नाही, दुसरीकडे बघितलं नाही. "आता विचार," ते म्हणाले. "जे विचारायचं असेल ते."

मी विचारत गेलो. मुलीची दहावी नसती तर मला किती दिवस मिळाले असते. नाव लिहायला त्यांना किती वेळ लागला. ड्राफ्टिंगमधल्या त्या केरळच्या माणसाला, ज्याचा मुलगा अवघा पहिलीत होता, एकच महिना का दिला. "चुकलं," ते म्हणाले. "चौघांपर्यंत जीएम तयार झाला. पाचवा मागितला नाही. मागायला हवा होता." तासभर तरी आम्ही तसे बसलो होतो. चहा तसाच राहिला. त्यांनी एकाही प्रश्नाला बगल दिली नाही, आणि एकाही उत्तरात स्वतःला सोडवून घेतलं नाही.

माझे प्रश्न संपले तेव्हा उन्हं कलली होती. त्यांच्या पत्नी दारात येऊन म्हणाल्या, "जेवून जाणार ना?" सरांनी माझ्याकडे पाहिलं. ठरवायचं मला होतं.

"जेवतो," मी म्हणालो.

आत एकच मोठं टेबल होतं. त्यांनी माझं ताट आपल्या शेजारी मांडून घेतलं.